गुरुवारचा उलटा वर्ग

आमचे प्राचार्य लोणावळ्याला कार्यशाळेसाठी गेले की आम्ही धास्तावतो. दोन दिवस रिसॉर्टमध्ये राहून, गुबगुबीत गाद्यांवर झोपून आणि दोन्ही वेळा पनीर खाऊन माणूस जरा शांत होऊन परत यावा, ही आमची माफक अपेक्षा. प्राचार्य मात्र नवी कल्पना घेऊन परततात. मागे एकदा प्रत्येक वर्गाबाहेर ‘आनंदपेटी’ लावायची टूम निघाली होती. मुलांनी आपला आनंद चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा होता. कँटीनच्या वड्यांविषयी मुलांनी त्यात जे काही लिहिलं, ते वाचल्यावर पेटी आठवडाभरात स्टोअररूममध्ये गेली. त्यामुळे या खेपेला ते चिक्कीचे खोके आणि एक निळी फाइल घेऊन स्टाफरूममध्ये शिरले, तेव्हा आम्ही चिक्की घेतली आणि फाइलकडे पाहायचं टाळलं.

फाइलीत ‘फ्लिप्ड क्लासरूम’ होती. प्राचार्यांनी तिचं मराठीही करून आणलं होतं: उलटा वर्ग. आजवर शिक्षक वर्गात शिकवायचे आणि मुलं घरी गणितं सोडवायची. आता मुलं घरी व्हिडिओ बघून शिकतील आणि वर्गात येऊन गणितं सोडवतील, चर्चा करतील, गटात बसून काहीबाही करतील. शिक्षकाने वर्गात बोलायचं नाही. ‘तुम्ही विशेष लक्षात ठेवा मॅडम,’ प्राचार्य माझ्याकडे वळून म्हणाले आणि सगळी स्टाफरूम हसली. माझा आवाज शेजारच्या दोन वर्गांना फुकटात ऐकू येतो, ही इथली जुनी तक्रार आहे.

मी आकुर्डीतल्या एका खाजगी डिप्लोमा कॉलेजात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवते. नाव मोठं असलं तरी विषय साधा आहे. दांडीवर वजन ठेवलं की ती किती वाकते, कशी वाकते आणि कधी मोडते, एवढंच त्यात असतं. माझी नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची. बाराव्या महिन्यात मी कॉलेजची कुणी नसते आणि मग नव्या नवरीसारखी पुन्हा माप ओलांडून आत येते. इतक्या वर्षांत माझी इतकी लग्नं एकाच घरात झाली आहेत की आता त्याचं कुणाला काही वाटत नाही, मला सोडून.

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे केस कापणं, गाद्या उन्हात टाकणं, बाजार, लग्नाची बोलणी, सगळं गुरुवारी. पुण्याचे पाहुणे रविवारी येतात आणि घरात कुणी नाही म्हणून रुसून जातात. आमच्या कॉलेजात एक तुकडी खास या गुरुवारवर चालायची. चाकणच्या कंपन्यांत ट्रेनी म्हणून सहा दिवस काम करणारी ही मुलंमुली सातव्या दिवशी आमच्याकडे शिकायला यायची. संस्थेच्या माहितीपत्रकात याला ‘उद्योग आणि शिक्षण यांचा संगम’ म्हटलं होतं. संगमावर येणारी ही मंडळी बहुधा आदल्या दिवशीची सेकंड शिफ्ट करून आलेली असायची आणि बाकावर डोकं टेकवायला जागा शोधायची.

तरीही सांगते, आठवडाभर मी ज्याची वाट बघावी असा तोच एक तास होता. बाकीच्या तुकड्यांना हजेरी हवी असायची. या मुलांना विषय हवा होता, कारण मशीनवर रोज त्यांचा त्याच्याशीच संबंध यायचा. मी लाकडी पट्टी टेबलाच्या कडेवर धरून वाकवायची, खडू मोडायची, ओरडायची, मध्येच थांबायची. ‘कळलं का’ म्हटलं की वर्ग ‘होऽऽ’ म्हणायचा. हा ‘हो’ जगातला सर्वांत स्वस्त शब्द आहे हे दोन वर्षं शिकवलेल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. मी ‘हो’ ऐकायचीच नाही, तोंडं बघायची. त्यातही खिडकीजवळच्या एका मुलीचं तोंड. ती मूळची मावळातल्या एका खेड्यातली, रुपीनगरला मावशीकडे राहायची आणि चाकणला एका कंपनीत दिवसभर उभं राहून वायरी जोडायची. तिच्या कपाळावर आठी असली की मी मागे जायचे आणि आठी गेली की पुढे. अख्खा वर्ग तिच्या कपाळावर चालायचा म्हटलं तरी चालेल.

तिचे बाकीचे सगळे विषय निघाले होते, हा एकच राहिला होता. तो सुटला की डिप्लोमा हातात. मग काय करणार, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ‘डिप्लोमा असला की क्वालिटीला घेत्यात मॅडम. तिथं बसायला मिळतं.’ मोठमोठ्या पॅकेजची स्वप्नं सांगणारी पोरं मी पुष्कळ पाहिली होती. इतकी नेमकी आणि इतकी रास्त महत्त्वाकांक्षा मी त्याआधी ऐकली नव्हती. तेव्हापासून तिला त्या खुर्चीवर बसवायचं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

तर आता शिकवायचं होतं व्हिडिओत. कॉलेजात स्टुडिओ होणार होता, पण तो अजून मंजुरीत होता. तोवर आम्ही आपापल्या घरी चित्रीकरण करावं असं ठरलं. मी यमुनानगरला राहते. स्वयंपाकघरात उजेड बरा म्हणून ओट्यावर डब्यांची उतरंड रचली, तिला टेकून मोबाइल उभा केला, फ्रीजवर पांढरा कागद चिकटवला आणि ‘नमस्कार विद्यार्थी मित्रहो’ म्हणाले. तेवढ्यात घंटागाडी आली. स्वच्छतेचं गाणं वाजवत ती आमच्याच फाटकाशी थांबली आणि विद्यार्थी मित्रांना पहिल्या पाच मिनिटांत ओला कचरा आणि सुका कचरा यांतला फरक समजला. दुसऱ्या खेपेला भंगारवाला, तिसऱ्या खेपेला कुकर. चौथ्या खेपेला सासूबाई मेथीची जुडी घेऊन कॅमेऱ्यासमोरून गेल्या आणि मी रागावले तर म्हणाल्या, ‘भिंतीशी बोलतेस ते बोल बाई, मला भाजी निवडू दे.’

त्यांचं काही चुकलं नव्हतं. भिंतीशी बोलण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. समोर कुणी जांभई देत नाही, कुणी खिडकीबाहेर बघत नाही, कुणाच्या कपाळावर आठी नाही. आपण बोलतोय ते पोचतंय की वाहून जातंय हेच समजेना. मी आपली घरात कुणी वारल्यासारख्या गंभीर आवाजात बोलत राहिले आणि व्हिडिओ कॉलेजच्या ॲपवर चढवत राहिले. प्राचार्यांना ते फार आवडले. ‘किती शांत शिकवलंत मॅडम,’ ते म्हणाले.

पहिल्या उलट्या गुरुवारी मी वर्गात गेले, बाकं गोलात लावली आणि नियमाप्रमाणे गप्प बसले. मुलं माझ्याकडे बघत होती, मी मुलांकडे. शेवटी मी विचारलं की व्हिडिओ कुणी कुणी पाहिला. कुणीही नाही. कंपनीत फोन गेटवरच जमा करावा लागतो. आत कॅमेरा चालत नाही, म्हणून गेटजवळ लाकडी खणांचं कपाट असतं आणि शिफ्ट सुटेपर्यंत फोन त्या खणात. खोलीवर आल्यावर सहाजणांत एक पंखा आणि एक झोप. ‘आमची सवड गुरुवारीच असती मॅडम,’ खिडकीजवळची ती म्हणाली, ‘आन् गुरुवारी तर आमी तुमच्याकडंच येतो की.’

मग मी दार लावलं, पट्टी उचलली आणि नेहमीसारखं शिकवायला लागले. फक्त आवाज जरा दाबला आणि बाकं गोलातच ठेवली. दाराशी बसलेल्याला कामगिरी दिली की प्राचार्यांच्या बुटांचा आवाज आला की खाकरायचं. तो खाकरला की मी खिडकीशी जाऊन गप्प उभी राहायची आणि मुलं एकमेकांकडे तोंडं करून जोरजोरात चर्चा करायची. चर्चा बहुधा ओव्हरटाइमची असे. प्राचार्य दारातून बघून कृतार्थ होत, फोटो काढत आणि तो कॉलेजच्या ग्रुपवर ‘सक्रिय अध्ययन’ म्हणून टाकत. ते गेले की मी पुन्हा पट्टी उचलत असे. असे काही गुरुवार फार सुखात गेले.

पण ॲपला सगळं दिसत होतं. कोणत्या मुलाने कोणता व्हिडिओ किती पाहिला याचा तक्ता प्राचार्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर रंगांत यायचा. पाहिला तर हिरवा, न पाहिला तर लाल. माझी गुरुवारची तुकडी वरपासून खालपर्यंत लाल होती. त्यांनी मला बोलावलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले की मूल्यांकन समिती येणार आहे, तिला हा प्रयोग दाखवायचा आहे आणि हा रंग बरा दिसत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘तुमच्या कराराची फाइलही त्याच सुमाराला माझ्याकडे येते, मॅडम.’ ते धमकी देत नाहीत. ते फक्त दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतात.

माझ्या जिभेला हाड नाही. त्या गुरुवारी वर्गात मी सगळं भडाभडा बोलून टाकलं. उलटा वर्ग, लाल तक्ता, करार, समिती, सगळं. बोलून झाल्यावर हलकं वाटलं आणि पट्टी घेऊन धड्याला लागले. मुलं त्या दिवशी नेहमीपेक्षा गप्प होती हे मात्र मला आठवतं.

पुढच्या आठवड्यात प्राचार्यांनी पेढे वाटले. माझी लाल तुकडी हिरवीगार झाली होती. सगळ्या मुलांनी सगळे व्हिडिओ संपूर्ण पाहिले होते, काहींनी तर पुन्हा पुन्हा. कॉलेजातल्या दुसऱ्या कुठल्याही तुकडीचं पाहणं इतकं झालं नव्हतं. ‘बघा, मुलांवर विश्वास टाकावा लागतो,’ असं प्राचार्य मला म्हणाले. मी पेढा खाल्ला, पण मला विश्वास बसेना. कुकरच्या शिट्टीसकट तो व्हिडिओ पुन्हा बघेल असा माणूस माझ्या माहितीत नव्हता. मी स्वतः तो एकदाही पाहिला नव्हता.

गुरुवारी मी सरळ विचारलं. वर्ग खाली बघून हसायला लागला. शेवटी खिडकीजवळची उभी राहिली.

‘मॅडम, फोन गेटवर खणात पडूनच असतो की. शिफ्टला जाताना व्हिडिओ लावून ठेवतो, संगं पॉवर बँक. सुटंस्तवर चालू राहतो.’

‘म्हणजे मी दिवसभर त्या कपाटात बोलत असते?’

‘पयल्यांदा बोलत हुता. मग आमच्या कंपनीतल्या सगळ्यांचेच फोन येकदम बोलायला लागले तसे गेटवरचे काका कावले. म्हनले, ह्या बाईला गप करा. मग आवाज बंद करून लावाया लागलो.’

वर्ग हसला आणि मीही हसले, कारण न हसून सांगते कुणाला. वर्गात मला गप्प करायला निघालेले प्राचार्य एकीकडे आणि चाकणच्या कपाटात मला गप्प करून दाखवणारे काका दुसरीकडे. मी विचारलं, हे का केलं. ती म्हणाली, ‘तुमचं काम जायला नको म्हनून. कंपनीत तसंच असतं मॅडम. बोर्डावर हिरवं दिसलं की कोन लाइनीवर येऊन इचारत न्हाई. आपलं काम आपल्याला करू देत्यात.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी फळा पुसायला वळले. ज्यांना स्वतःच्या झोपेपुरती सवड नाही, त्यांनी माझ्या नोकरीसाठी हा उद्योग केला होता.

चूक इतकीच झाली की कॉलेज हाही एक कारखाना आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं आणि कारखान्याचा दुसरा नियम विसरले. टार्गेट पुरं झालं की लाइनीवरचा एक माणूस कमी करतात.

पंधरा दिवसांत मला प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं. ते इतके खूश होते की त्यांनी मला बसायला सांगितलं. गुरुवारची तुकडी व्हिडिओवर उत्तम शिकते आहे हे सिद्ध झालं होतं. मग त्यांना त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आकुर्डीपर्यंत ओढत आणण्यात काय हशील, असा संस्थेचा मानवतावादी विचार होता. गुरुवारचा तास बंद करायचा. वर्गखोली त्या वेळात स्पोकन इंग्लिशच्या क्लासला भाड्याने द्यायची. समितीसमोर हे पूर्णपणे डिजिटल तुकडीचं आदर्श उदाहरण म्हणून मांडायचं. ‘आणि तुमचा करार पक्का समजा,’ ते म्हणाले. ‘अजून व्हिडिओ लागतीलच.’

मी घरी आले आणि ती निळी फाइल पहिल्यांदा नीट वाचली. वाचून माझी चांगलीच पंचाईत झाली, कारण फाइल शहाणी होती. व्हिडिओ ही त्यातली किरकोळ गोष्ट होती. मुलांनी घरी वरवरचं बघून यावं, म्हणजे वर्गातला सगळा वेळ जिथे अडतं तिथे देता येतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. वर्ग हाच त्या पद्धतीचा जीव होता. प्राचार्यांनी तो जीव काढून बाजूला ठेवला होता आणि उरलेल्याला ते प्रयोग म्हणत होते. इतके महिने ज्या उलट्या वर्गाच्या नावाने मी बोटं मोडली, त्याची बाजू घेणारी अख्ख्या कॉलेजात आता मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन मी प्राचार्यांकडे गेले आणि त्यांना त्यांचंच पान वाचून दाखवलं. त्यांनी ते कौतुकाने ऐकलं. म्हणाले की ही आदर्श स्थिती झाली, आपल्याला आपल्या परिस्थितीप्रमाणे बदल करावे लागतात. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. मग मी शेवटचा उपाय म्हणून खरं ते सांगितलं. तो हिरवा रंग खोटा आहे, मुलांनी एकही व्हिडिओ पाहिलेला नाही, फोन कपाटात चालू असतात. मुलांची नावं मी घेतली नाहीत. प्राचार्य खुर्चीत मागे रेलले. ‘मॅडम, पाहिलं का, हे समिती विचारत नाही. पाहिल्याची नोंद आहे का, हे विचारते. आणि नोंद आहे.’

समिती आली तेव्हा तेच मी समितीलाही सांगितलं. धीर फार लागला असं नाही, राग पुरला. हॉलमध्ये गुलाबपाणी शिंपडलेलं, समितीपुढे काजू, पडद्यावर माझी हिरवी तुकडी. अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, ‘या तुकडीला शिकवणारे कोण?’ मी उभी राहिले आणि म्हणाले की सर, हा तक्ता खरा नाही, या मुलांना शिकायला गुरुवारचा तासच लागतो, तो बंद करू नका. हॉलमध्ये कुणाचा तरी काजू चावल्याचा आवाज ऐकू आला. अध्यक्षांनी चष्मा काढला, माझ्याकडे फार दयाळूपणे पाहिलं आणि म्हणाले, ‘नव्या तंत्रज्ञानाने शिक्षकांना असुरक्षित वाटणं स्वाभाविक आहे.’ मग त्यांनी तसं लिहूनही घेतलं. प्राचार्यांनी घाम पुसला आणि पुढची स्लाइड लावली.

मला वाटलं होतं, माझी नोकरी जाईल. तसं काही झालं नाही. अहवाल उत्तम आला. त्यात ‘शिक्षकांसाठी समुपदेशनाची सोय असावी’ एवढी एक ओळ माझ्यामुळे पडली. करार झाला, मी पुन्हा माप ओलांडून आत आले. गुरुवारचा तास मात्र गेला. शेवटच्या तासाला मी मुलांना सांगितलं तेव्हा काहीजण खूश झाले, आणि त्यांना कोण नावं ठेवेल, त्यांना जन्मात पहिल्यांदा अख्खा गुरुवार मिळत होता. सगळे गेल्यावर खिडकीजवळची ती मुलगी बाकं पुन्हा रांगेत लावत राहिली, कुणी सांगितलेलं नसताना. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, ‘आमच्यामुळंच झालं न्हवं मॅडम?’ मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

त्यानंतर माझे गुरुवार मोकळे झाले. सासूबाईंनी मला त्या दिवशी पापड लाटायला बसवायला सुरुवात केली. परीक्षा जवळ येत होती. मुलांचे फोन नंबर माझ्याकडे होते, पण फोन कपाटात आणि मुलं लाइनीवर. एक-दोघांनी ‘मॅडम व्हिडिओ छान आहेत’ असे निरोप पाठवले, खाली हात जोडलेले. ते वाचून मला जास्तच वाईट वाटायचं.

परीक्षेला आठवडा राहिला असेल. दुपारी मी त्रिवेणीनगर चौकात भाजी घेत होते. कोपऱ्यावर कंपनी बसची वाट बघत सेकंड शिफ्टची माणसं उभी होती, त्यात ती दिसली. निळा गणवेश, पाठीला सॅक. मला बघून ती रांगेतून बाहेर आली. मी विचारलं, अभ्यास कुठवर आला.

‘व्हिडिओ पाहिला मॅडम,’ ती म्हणाली. ‘खराच पाहिला. गुरुवारी मावशीचं समदं घर जेजुरीला गेलं हुतं, तवा आवाज लावून बसले.’

‘मग?’

‘दांडी वाकती तिथवर कळलं. वरली बाजू दबती, खालची तानली जाती. मंग तुमी म्हनता, मधी येक थर असा असतो की त्यो दबत बी न्हाई आन् तानला बी जात न्हाई. त्ये काय मला कळंना. तुमी इचारलं, समजलं का. म्या म्हनलं न्हाई.’

‘कुणाला म्हणालीस?’

‘तुमालाच. घरात कोन न्हवतं, तर म्या मोट्यानं म्हनलं, न्हाई. तुमी वाईच थांबला आन् म्हनलात, छान, पुढं जाऊ.’

ती हसली. गंमत सांगावी तसं तिने ते सांगितलं होतं. मी तिथे भाजीची पिशवी घेऊन उभी होते आणि मला काही केल्या हसू येईना. ओट्याशी उभी राहून मी ते म्हणाले असणार. वर्षानुवर्षांची सवय, विचारायचं, थोडं थांबायचं. त्या थांबण्यात समोर फ्रीज होता, फ्रीजची मला काही अडचण दिसली नाही, आणि मी त्याला शाबासकी देऊन पुढे गेले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. समितीपुढेसुद्धा नाही.

बस आली. रांग सरकली, ती ‘येते मॅडम’ म्हणून चढली. मी तिच्या मागोमाग चढले. ड्रायव्हर म्हणाला, ‘ताई, कंपनीची बस हाय ही.’ मी म्हटलं, ‘माहीत आहे भाऊ, तळवड्याला उतरते.’ तळवड्याच्या चौकातला ट्रॅफिक जगात कुणाला हवासा वाटला नसेल, पण त्या दुपारी मी तो खच्चून भरलेला असावा अशी देवाजवळ प्रार्थना केली. आणि तो होताच. डंपर, कंटेनर, टेम्पो, रिक्षा, सगळे एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभे होते. आमची बस त्यात जाऊन इंजिन बंद करून उभी राहिली.

मी तिच्या शेजारी बसले आणि इकडेतिकडे पाहिलं. जवळ ना पट्टी ना खडू. पिशवीत वांगी आणि कोथिंबीर. मग मी पायातली चप्पल काढली. पुढच्या सीटवरचा एकजण घाबरून सरकला. मी चप्पल दोन्ही हातांत धरून वाकवली आणि तिला कडेने दाखवली. ही वरची बाजू, बघ, सुरकुत्या पडल्या, दबली. ही खालची, ताणली गेली. आता वरून खाली यायला लाग. दाब कमी कमी होत जातो, खालून वर आलीस तर ताण कमी कमी होत जातो. मग दोन्ही जिथे संपतात तिथे काय उरतं. मी बोलत होते, आवाज नेहमीचाच लागला होता, आणि मागच्या सीटवरून झोपेत कुणीतरी ‘हळू ओ’ म्हणालं.

‘समजलं?’ मी विचारलं आणि थांबले.

ती चपलेकडे बघत राहिली. कपाळावरची आठी तशीच होती.

‘न्हाई,’ ती म्हणाली.

मी चप्पल सरळ केली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.